कमिटीसाठी उपटलेलं रानगवत

मी रानगवत बोलतोय. खडवलीच्या नदीकाठचा. नाक मुरडू नका. तुम्ही रोज भाताचा घास गिळता ना, तो भातही माझ्याच भावकीतला.

शिवानी नावाची मुलगी पीएचडीसाठी मला मुळासकट ठाण्याच्या कॉलेजात घेऊन आली आणि तिनं मला व्हरांड्यातल्या कुंडीत लावलं. माझ्या अंगात म्हणे अशी जनुकं आहेत, जी दुसऱ्या जनुकांना गप्प बसवतात. पाणी तुटलं की कुणी बोलायचं, कुणी तोंड मिटायचं, हे तीच ठरवतात. त्यांची घराणी तिनं संगणकावर शोधून काढली. पण संगणकाचं खरं की खोटं, हे माझं तहानलेलं पानच सांगणार होतं. म्हणून तिनं माझं पाणी तोडलं. मी पिवळा पडलो, तरी कुरकुर केली नाही. सोमवारी पान कापायचं ठरलं होतं.

आणि सोमवारीच कमिटी आली, कॉलेजला दर्जा देणारी! कमिटी म्हटलं की या शहाण्यांच्या अंगात येतं. घाईघाईत भिंतींना रंग काय, भाड्याच्या कुंड्या काय! शिवानीचे मार्गदर्शक केदार सर नवा कोट घालून व्हरांड्यात आले आणि माझ्यासमोर थबकले.

"गुणाजी, हा काय कचरा ठेवलाय? फेक पहिला."

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर माझाच हातभर फोटो लटकत होता. खाली मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव.

"सर, हेच तर ते..." शिवानी म्हणाली.

"आत्ता नको गं! कमिटी गेटवर आलीये."

ती गप्प बसली. गुणाजी माळ्यानं माझ्या झिंज्या धरून मला उपटलं आणि व्हरांड्यामागच्या ढिगाऱ्यावर भिरकावलं. माझ्या जागी भाड्याचा पाम आला. गप्प बसवणाऱ्यांची घराणी शोधायला ही माणसं खडवलीपर्यंत कशाला आली, देव जाणे!

थोड्या वेळानं कमिटीतल्या बाई फोटोपाशी थांबल्या. "हे रोप बघायला मिळेल?"

"त्याचं काय आहे मॅडम, ते सध्या ग्रीनहाउसमध्ये..." सर चाचरले. ग्रीनहाउस! त्यात तर मोडक्या खुर्च्या भरल्यात.

"नाही मॅडम," शिवानी पुढे झाली. "ते मागे कचऱ्यात आहे. सरांनी आत्ताच फेकायला लावलं."

सगळ्यांसमोर ती ढिगाऱ्याकडे आली आणि तिनं मला ओंजळीत उचललं. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

पण ओढाताणीत चुरगळलेलं माझं पान प्रयोगाच्या कामाचं उरलं नव्हतं. नवं रोप आणून पुन्हा सगळं करायचं तर पुढचा हंगामच, म्हणून तिचं वर्ष वाया गेलं. सर तिच्याशी बोलत नाहीत. माझ्या फोटोवर मात्र रोज फडकं फिरतं म्हणे.

रविवारी तिनं मला नदीकाठी परत लावलं. "जग रे बाबा, पुढच्या वर्षी येते," म्हणाली. मी मूळ धरतोय. खडवलीला सहलीला आलात तर खुशाल माझ्यावर चटई पसरा, मला सवय आहे. फक्त कुणी "सर, हेच तर ते..." म्हणत असेल, तर तिला वाक्य पुरं करू द्या.