वॉटी रेनीचा अडलेला शब्द

आमच्या स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बाळाला बाप्तिस्म्याला नेताना पुडकं सोबत घेतात. आत केक, चीज आणि चांदीचं नाणं. बाळ मुलगी असेल, तर वाटेत भेटणाऱ्या पहिल्या पुरुषाला ते द्यायचं. त्याने तिचं तोंड बघून म्हणायचं, "बॉनी आहे हो पोर."

बॉनी म्हणजे देखणं, गोड, डोळे निवतील असं. हा शब्द आम्ही उधळतो. उजाडलेला दिवस बॉनी, जाळ्यातली मासळी बॉनी, उकळता रस्साही बॉनी.

इशबेलवहिनीच्या लेकीच्या अर्ध्या चेहऱ्यावर जन्मतःच बिटासारखा लाल डाग आहे. शेजारणी बाबागाडीत डोकावायच्या आणि हवापाण्याचं बोलायच्या. आज मात्र शब्द मिळणार होता. रीतच होती ती.

बाळ माझ्या हातात, पुडकं वहिनीच्या, माझी आई सोबत. बंदराच्या कठड्यापाशी म्हातारा वॉटी रेनी भेटला. पुडकं घेऊन तो वाकला, बघितलं.

"तब्येत चांगली आहे," म्हणाला.

"आणि?" वहिनी जागची हलली नाही.

"आणि काय? वजनदार आहे."

"पुडकं घेतलंत काका, शब्द द्या."

"चर्चच्या वाटेवर खोटं कसं बोलू, पोरी?"

"इशबेल, चल, घंटा होतेय," माझ्या आईने तिची बाही ओढली.

"होऊ दे." वहिनीचा आवाज तारेसारखा ताणलेला होता. "काका, तुमची होडी दर भरतीला पाणी पिते, ती बॉनी. एकडोळ्या कुत्रा बॉनी. परवा तुटक्या नांगीच्या खेकड्याला म्हणालात. तेव्हा नाही आठवलं चर्च?"

वॉटीचे कान तापले. "बरं बाई, बॉनी. झालं?"

"माझ्याकडे बघून नको. तिच्याकडे बघून म्हणा."

तो समुद्राकडे बघत राहिला.

वहिनीने पुडकं हिसकावलं.

"दिलेलं परत घेऊ नये गं, अपशकुन होतो," आई कळवळली.

"व्हायचा तो पोरीच्या जन्मापासून रोज होतोय, आई."

ती कठड्यावर बसली, कागद टराटरा फाडला. केकचा तुकडा मला दिला, एक आईपुढे धरला. आई घेईना, वहिनी हात मागे नेईना. शेवटी आईने घेतला. वॉटीच्या डोळ्यांदेखत आम्ही तिघी चावत बसलो.

घंटा थांबली. पाद्री चर्चच्या दारात येऊन हात हलवू लागला.

"त्याला सांग," वहिनी मला म्हणाली, "अजून चीज राहिलंय."