किटल्या बांधलेली घोडी

चौसष्ट सालच्या दसऱ्याला शिदूनं लोणावळ्याच्या बाजारात जे केलं, त्याला शहाणी माणसं हात दाखवून अवलक्षण म्हणतात. सीमोल्लंघनाच्या शर्यतीत पाच घोडी होती, आणि शिदूनं नेमकी पाचवीची बाजू घेतली. ती औंढ्याच्या केरबा दूधवाल्याची. पहाटे भरल्या किटल्या घेऊन बाजारात यायची, उन्हं वर आली की रिकाम्या घेऊन परत जायची. पोट सुटलेलं, पाठीवर किटल्यांचे वण. केरबानं तिला नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

बाकीची चार हौशीरामची. हवा खायला आलेल्या पाहुण्यांना ती फेरी मारून आणत. त्यातला बादशहा तर पुण्याच्या रेसकोर्सवर पळून आलेला, अजून मान ताठ.

शिदू औंढ्याच्या वरच्या वाडीतला. जन्मभर डोक्यावर गवताचे भारे वाहून त्याची मान खांद्यात रुतली होती. वाडीतली अकरा घरं त्या गवतावर जगत आणि गवत घेणारा एकटा हौशीराम. त्यानं आदल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की आता वराळ्याहून लॉरीनं गवत येईल, भारे आणू नका.

घोड्यांना झेंडूच्या माळा घालून झाल्या, तेव्हा शिदू पुढं झाला.

"भाऊ, केरबाची घोडी पयली आली, तर सालभर आमचंच गवत घ्या. न्हाई आली, तर वाडीनं यंदा कापलेलं समदं गवत तुमाला फुकट."

माणसं हसली. हौशीराम हसला नाही, पण मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "बघू की शिदू. घोडंमैदान जवळच हाय."

शिदूनं केरबाला बाजूला घेतलं. "किटल्या बांध. रिकाम्या."

"आबा, लोक हसत्याल."

"हसूंदे. किटल्या वाजल्याबिगर तिला घर आठवत न्हाई."

शर्यत बाजारातून औंढ्याच्या शिवेवरल्या भैरोबापर्यंत. जो पहिला पोचेल त्यानं देवाला आपट्याचं पान वाहायचं. बघणारे निम्मे बाजारात, निम्मे देवळाशी. शिदू एकटाच वाटेतल्या ओढ्यावरच्या मोरीवर जाऊन बसला. रोज भारा टेकवायची त्याची ती जागा.

लांबून टापा ऐकू आल्या, त्यामागं किटल्यांचा खडखडाट. मग खडखडाट एकदम थांबला. शिदूनं उठून पाहिलं. पिवळ्या बंगल्याच्या फाटकाशी घोडी खांबासारखी उभी होती. परतीच्या वाटेवर तिथं रोज तळाशी उरलेलं शेवटचं माप घालायचं असतं. शिदूनं सगळा विचार केला होता, एवढाच राहिला होता. अकरा घरांचं गवत, आणि त्यानं वाडीत एकाला विचारलं नव्हतं.

केरबा खाली उतरला. माप किटलीवर आपटलं, झाकण दाबून लावलं, पुन्हा चढला. घोडीला वाटलं, काम झालं. ती हलली.

तोवर बादशहा मोरीजवळ आला होता. वर हौशीरामचा पुतण्या बजरंग, हातात चाबूक. मोरीच्या कठड्याशी येताच बादशहाची चाल मंदावली. त्यानं कठड्याला नाक लावलं आणि रोजच्यासारखा शांतपणे माघारी वळला. बजरंगनं लगाम ओढला, शिव्या दिल्या. घोडं जागच्या जागी गरगर फिरलं आणि बाजाराकडं सुटलं. मागच्या तिघांनीही तेच केलं. वाटेत त्यांना केरबाची घोडी भेटली. ती अंग चोरून बाजूनं निघाली, मोरी ओलांडली आणि किटल्या वाजवत घराच्या वाटेला लागली. फार जोरात पळत होती असंही नाही.

हौशीराम देवळाशी चालत आला, घामानं भिजलेला. केरबानं पान कधीच वाहिलं होतं आणि शिदू पायरीवर बसला होता.

"तुला ठाऊक व्हतं."

"रोज बघतो की भाऊ. पावनं वर बसल्यालं असत्यात, पर वळवत कुनीच न्हाई. घोडी आपली आपन वळत्यात."

"मीच शिकवलंय त्यान्ला," हौशीराम सावकाश म्हणाला. "मोरीवरनं माघारी आली की तोबऱ्यात मूठभर हरभरं."

"व्हय. तुमी कदी मोरीवर आलाच न्हाई."

हौशीरामनं खिशातून आपट्याचं पान काढलं आणि वाकून शिदूच्या हातावर ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यानं शिदूला कधी सोनं दिलं नव्हतं.

"घ्या आबा. उद्यापासनं भारं आना."

शिदूनं पान मुठीत धरलं.

"वाडीत कुनाला इचारलं नव्हतं भाऊ," तो म्हणाला. "हरलो असतो तर घरी कुटल्या तोंडानं गेलो असतो?"

हौशीराम त्याच्या शेजारी पायरीवर बसला.