दोन चिंचेवाड्या

मैत्रेयीच्या कामात माणसं फारशी भेटत नसत. अहिल्यानगरला सावेडीतल्या एका लहानशा कंपनीत बसून ती मोबाईलच्या नकाशात बसची वेळापत्रकं भरायची आणि कुठं काही बिघडलं की तो बिघाड शोधून काढायची. तक्रारी यायच्या त्याही ओळ-दोन ओळींच्या. बस दिसत नाही, थांबा चुकलाय. ती दुरुस्त करायची आणि पुढच्या तक्रारीकडं वळायची.

रुपालीची तक्रार मात्र तिला तशी बाजूला सारता येईना. 'तुमच्या नकाशावर भरवसा ठेवून मी माझ्या आजीला बसमध्ये बसवून दिलं. ती भलत्याच गावाला गेली. तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, नीट दिसत नव्हतं. एकदा स्वतःच्या आजीला असं पाठवून बघा.' खाली फोन नंबर होता.

मैत्रेयीनं नकाशा उघडला. चिंचेवाडीच्या बसची रेघ नगरमधून निघून कर्जतच्या रस्त्यानं नीट चालली होती. शेवटच्या थांब्याला मात्र ती एकदम उडी मारून, शेतं, ओढे, डोंगर ओलांडून पाथर्डी तालुक्यात जाऊन पडली होती. मैत्रेयीनं कपाळाला हात लावला. जिल्ह्यात चिंचेवाड्या दोन. कर्जतकडच्या चिंचेवाडीची जागा कुणी नकाशावर भरलीच नव्हती, आणि कंपनीच्या प्रोग्रॅमनं सारखं नाव बघून दोन्ही गावं एकच करून टाकली होती. बसवाल्यांनी पाठवलेलं वेळापत्रक बिनचूक होतं. घोळ घरचाच होता.

तिनं फोन लावला. "मी मैत्रेयी, नकाशाच्या कंपनीतून बोलतेय. आजी पोचल्या ना घरी?"

"माझ्याकडंच आहे ती," पलीकडून उत्तर आलं. मग रुपाली बोलू लागली. ती नगरला नर्सिंग शिकत होती. आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, गावी आजी एकटीच. डोळे दाखवायला ती आजीला नगरला घेऊन आली होती. "दरवेळी पाथर्डीला उतरून पुढं जीप बघावी लागते, मॅडम. मोबाईलवर थेट चिंचेवाडीची बस दिसली, म्हणून मला किती आनंद झाला! गाडीवर पाटी चिंचेवाडीचीच. कंडक्टरनं तिकीटही चिंचेवाडीचंच दिलं. आता सांगा, चुकलं कुणाचं?"

"आमचं," मैत्रेयी म्हणाली, आणि काय झालं ते तिनं सरळ सांगून टाकलं.

रुपाली म्हणाली, "पण बसवून तर मीच दिलं ना तिला."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "कोन हाय गं? नकाशावाली? आन इकडं." त्या भलत्या गावाहून परत आणल्यावर डोळे बरे होईस्तोवर आजी, गोजरबाई, रुपालीच्याच खोलीवर राहिली होती. तिनं फोन घेतला.

"पोरी, तू उगं जिवाला लावून घिऊ नको. मी उतरले तं गाव वळखंना. म्हनलं, औशिदानं आसंल. एकीला इचारलं, बाई, ही चिंचेवाडीच ना? ती म्हनली, व्हय, चिंचेवाडीच. म्हनलं, मंग माझं घर कुठं गेलं?"

मैत्रेयीला हसू आवरेना. गोजरबाईही हसत सुटली.

"आक्काबाई तिचं नाव. हाताला धरून घरी नेलं. आदी शेजारनीकडून रुपीला फोन लावून दिला, मंग गरम भाकर वाढली. तिचीबी लेकरं पुन्याला. दोघी बोलत पडलो तं कोंबडा आरवला, बघ. आमच्या घरात आता बोलायला कोन हाय? शेळी हाय." जरा थांबून ती हळूच म्हणाली, "तू आता ते नीट करशील, तं मला तिकडं जाता येईल का न्हाई? मला आक्काबाईकडं परत जायचंय."

मैत्रेयीनं दोन्ही गावं वेगळी केली. कर्जतकडची चिंचेवाडी तिच्या जागी ठेवली, दोन्ही नावांपुढं तालुका लिहिला. मग अशीच एकात एक मिसळलेली आणखी गावं हुडकून तीही सुटी केली. काम झालं होतं. तरीही तिनं पाथर्डीहून कर्जतच्या चिंचेवाडीला जायचा मार्ग विचारून पाहिला. नकाशा म्हणाला, मार्ग नाही.

मार्ग होता की! नगरला गाडी बदलायची, एवढंच. पण एक गाडी एका स्टँडवर यायची, दुसरी दुसऱ्या स्टँडवरून सुटायची, आणि माणूस मधलं अंतर चालत जाऊ शकतो हे नकाशाला कुणी सांगितलंच नव्हतं. मैत्रेयी दुपारी स्वतः ते अंतर झपझप चालून आली आणि लागलेला वेळ तिनं भरला. दोन्ही स्टँड जोडले गेले.

गोजरबाई बरी होऊन गावी गेली. पुढं रुपालीनं फोनवर सांगितलं, आजी रविवारी निघतेय, पण माझी ड्यूटी आहे. मैत्रेयी म्हणाली, "मी जाते त्यांच्याबरोबर. मला तो रस्ता तपासायचाच आहे." खरं तर तपासायचं फारसं काही उरलं नव्हतं.

रविवारी गोजरबाई नगरच्या स्टँडवर उतरली ती पिशवीभर बोरं घेऊन. मैत्रेयीनं पिशवी घेतली, आजीनं तिचा हात धरला. दोघी दुसऱ्या स्टँडकडं चालत निघाल्या. आजी सावली दिसली की थांबे, रसवंतीपाशी थांबे. कासाराच्या दुकानात तिनं आक्काबाईसाठी बांगड्या बघितल्या आणि माप ठाऊक नाही म्हणून परत ठेवल्या. मैत्रेयीनं भरलेला वेळ केव्हाच उलटून गेला, गाडीही निघून गेली. पुढच्या गाडीची वाट बघताना तिनं मोबाईल काढून मधला वेळ वाढवून ठेवला.

"काय करतीस गं?"

"तुमच्या पायांनी किती वेळ लागतो, ते लिहितेय."

"लिही, लिही. गुडघं दुखत्यात म्हनूनबी लिही."

चिंचेवाडीच्या थांब्यावर पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई डोळ्यांवर हात धरून उभी होती. गाडी थांबायच्या आतच ती दाराशी आली. "किती गं उशीर, बाई! मगाच्या गाडीलाबी येऊन गेले." गोजरबाई खाली उतरली, आणि दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

मैत्रेयी त्याच गाडीनं परतणार होती. तिनं पिशवी पुढं केली, तशी आक्काबाईनं तिचंच मनगट धरलं. "जेवल्याबिगर कुठं निघालीस?"

"पण आजी, गाडी..."

"संध्याकाळी हाय की दुसरी."

कंडक्टरनं बेल मारली. धुरळा उडवत गाडी वळून निघून गेली.

जेवण झाल्यावर पडवीतल्या घोंगडीवर मैत्रेयी जरा टेकली. आत दोघी बोरं निवडत बसल्या होत्या. कुणाच्या लेकीचं, कुणाच्या शेळीचं, असं त्यांचं बोलणं अखंड चाललं होतं. ते ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. कुणीतरी हळूच येऊन तिच्या अंगावर लुगड्याची चौघडी टाकून गेलं.