हृदयावरच्या चौकटी

"काका, कॉलरमध्ये काय चमकतंय?"

म्हाताऱ्यांनी कॉलर चाचपली आणि ओशाळून दोन टाचण्या काढल्या. "शिलाईचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, बाई. हात अजून खोचतोच."

तिने टाचण्या ट्रेमध्ये ठेवल्या. आतलं एमआरआय यंत्र म्हणजे प्रचंड लोहचुंबक. त्याच्याजवळ साधी टाचणीही गोळीसारखी सुटते. एकोणीस वर्षं ती या यंत्रावर हृदयाचे फोटो काढत होती. काचेपलीकडे माणूस, अलीकडे ती, मध्ये माइक. घरी बोलायला कुणी नव्हतं. त्यामुळे दिवसभरातलं तिचं बोलणं म्हणजे "श्वास सोडा, थांबा, आता घ्या" एवढंच.

"बरोबर कोण आलंय?"

"मुलगी येणार होती. मीच नको म्हटलं, तिची नोकरी नवी आहे." ते जरा थांबले. "हृदयाच्या टोकाकडची भिंत थोडी तरी हलत असेल तर ऑपरेशन करू म्हणालेत डॉक्टर. नाहीतर गोळ्यांवर निघतील तेवढे दिवस. पण भिंत हलते हे मापतात कसं?"

असं सहसा कुणी विचारत नसे. तिने खुर्ची ओढली.

"कापडावर खडूनं चौकटी आखल्या आणि कापड ओढलं, तर काय होईल?"

"जिकडं ताण, तिकडं तिरक्या होतील."

"तसंच. फोटोत हृदयावर काळ्या रेघांच्या चौकटी उमटतात. स्नायू आवळला की त्या दबतात. मेलेल्या भागातल्या जशाच्या तशा राहतात. हृदयाचे सतरा भाग करून एकेकाचं माप घ्यायचं."

"म्हणजे आमचाच धंदा की."

फोटो निघाले. टोकाकडच्या चौकटी छान दबत होत्या. संगणकाने तो भाग हिरवा रंगवूनही टाकला. तिला बरं वाटलं. मग हृदयाचा वरपासून टोकापर्यंत एकेक थर तपासताना तिचा हात थांबला. दोन वेगळ्या थरांचे फोटो हुबेहूब सारखे होते. श्वास जास्त भरला की हृदय खाली सरकतं आणि टोकाऐवजी वरचाच भाग पुन्हा फोटोत येतो.

तिने माइक दाबला. "काका, श्वास सोडून थांबायचंय. तुम्ही भरून थांबताय का?"

आतून आवाज आला. "फुगवली असेल छाती. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर ओरडलो, माप देताना फुगू नका, सदऱ्याचा झगा होतो म्हणून. आणि आज स्वतःच..."

हिरवा रंग तसाच पुढे पाठवला असता, तर तिला कुणी विचारलं नसतं. डॉक्टरांना ते कळलं असतं छाती उघडल्यावर.

"पुन्हा घेऊ. माझ्याबरोबर सोडा श्वास." तीही काचेअलीकडे श्वास सोडून थांबली. बारा वेळा.

या वेळी टोकाकडच्या चौकटी चौकोनीच राहिल्या.

कपडे बदलून ते दारात आले, तेव्हा ती पडद्यावर हृदयाच्या कडा आखत होती. त्यांना दिसू नये म्हणून पडदा वळवायला हवा होता. तिला ते जमलं नाही. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"इथल्या ओढल्याच जात नाहीत."

"डॉक्टर सांगतील, काका."

"हो, त्यांनीच सांगायचं." तरी ते बघत राहिले. "माप चोख घेतलंत, बाई. पहिलंच ठेवलं असतं तर कापड फुकट गेलं असतं."

त्यांचा फोन वाजला. "झालं गं," ते म्हणाले. "काही नाही, नुसती मापं घेतली. नाही, दुखलं नाही. बाई चांगल्या आहेत, नीट समजावलं त्यांनी. तू जेवलीस का?"

फोन खिशात ठेवताना त्यांचं लक्ष सदऱ्याकडे गेलं. गुंडी एक घर चुकून वर चढली होती. त्यांनी सगळ्या गुंड्या काढल्या आणि खालून एकेक, सावकाश, पुन्हा लावायला सुरुवात केली. बाहेर पुढचा नंबर खोळंबला होता. ती त्यांची फाइल हातात धरून, शेवटची गुंडी लागेपर्यंत शेजारी उभी राहिली.