गोपीकाकांची घंटी

“काका, सायकलची घंटी टेबलाला कामून ठोकली? सायकल चोरीला गेली का?”

अक्षतानं एका दमात विचारून टाकलं. फाटकाबाहेर तिच्या मैत्रिणी पलक आणि कनिका तोंड दाबून खिदळत होत्या. विचारलंस तर कचोरी, अशी पैजच होती.

बियाण्याच्या शेडचे मुकादम गोपीकिशनकाका खळखळून हसले. “सायकल हाये बेटा, बिनघंटीची!” आणि लगेच ट्रिंग! “वा केशरबाई, काटा ठरल्यावरच दाबलं! बिलकुल बराबर!”

शेडमध्ये पाकिटं हातानं भरायचे दिवस संपले होते, मशीन आली होती. वजनाचा काटा ठरायच्या आत मशीनची पायपट्टी दाबली, की पाकीट फुटून बी भुईवर. आधीचा मुकादम दर फुटक्या पाकिटाला असा खेकसायचा, की बाया मशीनला हातच लावेनात! अक्षताची आई, बेबीनंदा, तर काम सोडायलाच निघाली होती.

मग गोपीकाका आले. चुकलं तर नुसतं पुन्हा करून दाखवायचे. जमलं, की त्याच क्षणी नाव घेऊन घंटी. सुरुवातीला दर पाकिटाला, पुढं मधूनच कधीतरी. आई घरी येऊन पहिला नंबर आल्यासारखं सांगायची, “आज माही वाजली गं!”

पैजेला महिना होऊन गेला होता. आज मोठे साहेब आले होते. मशीनवर कोण राहणार आणि कोण घरी जाणार, ते आज ठरणार होतं. डबा घेऊन आलेली अक्षता काकांच्या टेबलाशीच थांबली. आई मशीनसमोर उभी राहिली. काटा हलला, ठरला. पायपट्टी. गच्च पाकीट! दुसरं. तिसरं. घंटी गप्पच. काकांनी तिच्यावर पंजाच ठेवला होता.

“वाजवा ना काका! आई घाबरून जाईल!”

“तिनं इकडं पाह्यलं का एकदा तरी?” काका हळूच म्हणाले.

अक्षतानं बघितलं. आईची नजर काट्यावर होती, खांदे सैल. घंटीची तिला आठवणही नव्हती.

“ह्या बाई राहतील,” साहेब म्हणाले.

काकांनी पंजा उचलला नाही.

संध्याकाळी जेवताना अक्षतानं पाण्याचा पेला खाली ठेवला. “आई, बाबा, ठरलं माझं. दहावी झाली की मी आयटीआयला जाणार, मशीनचं शिकायला. मला जमंल.”

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडं पाहिलं.

आईनं चमचा उचलला आणि पेल्यावर एकदाच वाजवला.