राजीखुशीनं

कुंडवाली मावशी देवापेक्षाही कडक, असं बायका म्हणत. तिच्या पाठीमागे, अर्थात. पाळी सरल्यावर यहुदी बाईनं स्नानकुंडात बुडी मारल्याशिवाय नवऱ्याजवळ जायचं नाही, आणि मावशीनं नखं-केस तपासल्याशिवाय बुडी मारायची नाही. पाठीवर एक सुटा केस दिसला तरी, "बाहेर ये आधी!"

तिथल्या फरशा घासायला तिची सून येई. तिला स्वतःला बुडीचं कारणच उरलं नव्हतं. नवरा कधीचा वेगळा राहत होता, पण काडीमोडाचा कागद देत नव्हता. तो मिळेपर्यंत ही त्याचीच बायको. विचारलं की धर्मगुरू रब्बीसाहेब म्हणत, "कागद नवऱ्यानं राजीखुशीनं द्यायला हवा. तो राजी नाही, मी काय करणार?" मावशी मान डोलवी आणि दर शुक्रवारी लेकाला डबा पोचवी. शास्त्रही सांभाळलं, पोटचा गोळाही. दोन्ही खाती चोख!

एक विधुर घड्याळजी सुनेसाठी थांबला होता. शेवटी थकला. एके दिवशी लग्नाआधीच्या पहिल्या बुडीला जी नवरी आली, ती त्याचीच. बिचारीला काही ठाऊक नव्हतं. सुनेनं तिला टॉवेल दिला, विचारलं, "पाणी गार नाही ना गं?"

मावशी नवरीची पाठ तपासायची विसरली. ती सुनेच्या हातांकडे बघत होती. साबणानं बोटांची सालं निघालेली. इतक्या बायकांची नखं तिनं तपासली होती. हे हात तेवढे राहून गेले होते.

दुसऱ्या संध्याकाळी कुंडाला आतून कडी. गावात दुसरं कुंड नव्हतं. दाराशी बायका जमल्या, त्यांत रब्बीसाहेबांचीही. मग साहेब स्वतःच आले.

"मावशी, दार उघडा. घरोघरी खोळंबा झालाय."

"माझ्या लेकाला कागद द्यायला सांगा."

"तो राजी नाही हो!"

"मग मीही नाही."

"अहो, हे पाप आहे!"

"असेल. आणि आजवर मी मान डोलवली, ते काय होतं?"

मागून लेक ओरडला, "आई, तमाशा पुरे! लोकांत मला तोंड दाखवायची सोय उरली नाही."

"शुक्रवारी डब्याची वाट बघू नकोस," मावशी आतूनच म्हणाली.

आत सून खाली मानेनं फरशी घासतच होती. "आता कागद दिला, तरी घड्याळजी काही थांबलेला नाही, आई."

"ठाऊक आहे गं."

मावशीनं तिच्या हातातला ब्रश काढून घेतला, आणि गुडघे टेकून स्वतः घासायला बसली. दार वाजत राहिलं.