मिरकरवाड्यातली रिकामी आरामखुर्ची

मी आरामखुर्ची बोलतेय. हसू नका. नावातच आराम आहे माझ्या, पण घ्यायलाच कोणी तयार नसेल तर मी बापडी काय करणार?

संगमेश्वरच्या भागोजी सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. निळ्या पट्ट्यांचं जाड कापड ताणून बसवलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "बसणाऱ्याचा झोळ पडला कापडाला, की समज खुर्ची घरची झाली." तेव्हापासून मी त्या झोळाची वाट बघत होते.

गिऱ्हाईक म्हणजे मितेश. नोकरीला मुंबईत. त्याची आई गुणवंती रत्नागिरीत, मिरकरवाड्यात एकटी राहते. तिचा जन्म बंदरावर मासे विकण्यात गेला. एकदा लिलावातच चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी दम भरला. "प्रेशर फार वाढलंय. गोळी घ्याच, पण रोज दुपारी अर्धा तास पाठ टेकून स्वस्थ बसा. नाहीतर एक दिवस अर्धं अंग जाईल." लेकाची पाचावर धारण बसली. टेम्पोत घालून त्याने मला आणलं, ओट्यावर मांडलं आणि दोन दिवसांत रजा संपली म्हणून गेला.

मग काय विचारता! माझ्या अंगावरचं प्लास्टिकसुद्धा बाईने काढलं नाही. "नवी वस्तू, मळंल." वर परडी ठेवून बोंबील वाळवले. फणसाच्या लाकडावर बोंबील! भागोजीने बघितलं असतं तर रंधा फेकून मारला असता. शेजारची मांजर तेवढी येऊन माझ्यावर ताणून द्यायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी मितेशचा फोन यायचा. "बसतेस ना गो आये?"

"व्हय रे, बसलंयच," ही उभ्याउभ्या सांगायची, माझ्यासमोर! फोन ठेवला की घर एवढं गप्प व्हायचं की मला माझ्याच लाकडाची करकर ऐकू यायची. दोघी एकेकट्या, एकाच ओट्यावर.

कधी बसलीच तर अगदी टोकावर. मुठी आवळलेल्या, खांदे कानांना भिडलेले, जणू आत्ता कोणी हाक मारील आणि धावावं लागेल.

दर गुरुवारी प्रेशर बघायला दिशा यायची, आरोग्यसेविका. प्रेशर काही उतरेना. एकदा तिने बोंबलाची परडी उचलली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि म्हणाली, "मावशी, बसा. श्वास सोडा. आता खांदे सोडा."

"खांदे सोडले तर टोपली पडंल की गो."

"डोक्यावर टोपली आहे कुठे?"

गुणवंती हसली, पण पाठ काही टेकेना. मग हळूहळू बोलायला लागली. नवरा गंगाराम होडीवर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. माणूस पाण्यावर असला की घरातल्या बाईने पाठ टेकायची नाही, ही तिच्या सासूची शिस्त. तिने ती तीस वर्षं पाळली. मग एका दुपारी गंगाराम घरीच होता, आत खाटेवर झोपलेला. म्हणून ही भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. "उठून बघते तर गेलेला. एकदाच टेकले गो मी, एकदाच."

ऐकून माझं कापड गार पडलं. आणि मी मेली इतके महिने बोंबलांवरून कुरकुरत होते!

दिशाने तिची समजूत घातली नाही. उन्हातून दहा घरं फिरून आली होती बिचारी. "मी बसू का पाच मिनिटं?" म्हणाली आणि माझ्यात टेकली ती झोपलीच. गुणवंती पाटावर बसून तिला पदराने वारा घालत राहिली. अर्ध्या तासाने पोर जागी झाली.

"काय छान झोप लागली हो! तुम्ही होतात ना जाग्या, म्हणून."

मग तिने गुणवंतीला हाताला धरून उठवलं आणि स्वतः पाटावर बसली.

"आता तुम्ही टेका मावशी. मी जागी आहे."

आणि टेकली हो ती! आधी कंबर, मग पाठ, मग मान. मुठी उघडल्या. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातच झोप आली. केवढं ओझं होतं त्या वाळकुड्या बाईचं! मी श्वास रोखून धरून राहिले. असे कितीतरी गुरुवार गेले आणि प्रेशर उतरू लागलं.

परवा दिशाची बदली झाली, जयगडला. आता गुरुवारीही कोणी येणार नाही. मला वाटलं, पुन्हा परडी आली माझ्या नशिबी. काल दुपारी गुणवंती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मी टेकतंय गो. तू जागी ऱ्हा."

लोकहो, तुमच्याही घरात कोणीतरी असं टोकावर बसलेलं असेल. त्याला 'आराम कर, आराम कर' म्हणून फोनवरून सांगू नका, नुसती खुर्चीही पाठवू नका. जवळ बसा आणि 'मी जागा आहे' एवढं म्हणा. आमच्याकडे म्हणायला कोणी उरलेलं नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलंय. माझ्या कापडाला आता झोळ पडलाय, बरोबर तिच्या पाठीएवढा. आत्ता ती झोपली आहे. हळू बोला.

मी जागी आहे.